खान्देशातून कृषी विस्तार नाहीतर पर्यावरण शिक्षणात पीएचडी करायची म्हणता? मग हे आधी वाचा

एम.एस्सी.चं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की पोरं-पोरी एकच विचारतात, "सर, एक्स्टेन्शनला पीएचडी करायचीये, कोणती एक्झाम देऊ?" एक्स्टेन्शन म्हणजे कृषी विस्तार, नवीन गोष्ट शेतकऱ्यापर्यंत कशी पोचते त्याचा अभ्यास. भाऊ, एक्झामचा नंबर तिसरा-चौथा लागतो. पहिलं हे सांगा की तुम्हाला नेमकं काय शोधायचंय, आणि ते शोधायला ज्या गावांमध्ये परत परत जावं लागेल तिथं उन्हातान्हात जायची तयारी आहे का. आमच्या विषयात प्रयोगशाळा नसते, गाव हीच प्रयोगशाळा, आणि ती तुमच्या सोयीने उघडत नाही. म्हणून मी सगळ्यांना उलट्या क्रमाने सांगतो. आधी प्रश्न, मग गाईड, मग विद्यापीठ, मग परीक्षा. बहुतेक जण बरोबर उलटं करतात आणि मग दुसऱ्या वर्षी टॉपिक बदलत बसतात.

आधी दार कोणतं ते ठरवा

"शेती आणि पर्यावरणाचं शिक्षण" असा एकच विभाग आपल्याकडे सहसा सापडत नाही, त्याला वेगवेगळी दारं आहेत आणि कोणत्या दारातून जाता येईल ते तुमच्या मास्टर्सवर ठरतं.

एम.एस्सी. ॲग्री विस्तार शिक्षणात केलं असेल तर कृषी विद्यापीठ. आपला खान्देश महात्मा फुले कृषी विद्यापीठ राहुरीच्या हद्दीत येतो, धुळ्याचं कृषी महाविद्यालय त्यांचंच, नंदुरबार आणि मुक्ताईनगरचंही त्यांचंच. राज्यात अजून तीन कृषी विद्यापीठं, अकोला, परभणी आणि दापोली, तिथंही विस्तार शिक्षणाचे विभाग आहेत. राज्याच्या जागांचे प्रवेश पुण्याच्या महाराष्ट्र कृषी शिक्षण व संशोधन परिषदेमार्फत होतात, त्यामुळे त्यांच्या वेबसाईटवर नजर ठेवायची, मित्राच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर नाही.

बी.एड., एम.एड. किंवा एम.ए. एज्युकेशन असेल, किंवा तुम्ही जिल्हा परिषदेत शिक्षक असाल, तर पारंपरिक विद्यापीठाची शिक्षणशास्त्र शाखा. म्हणजे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ, जे १९९० ला सुरू झालं आणि २०१८ ला त्याला बहिणाबाईंचं नाव मिळालं. शाळेतली परसबाग, हरित सेना, पर्यावरण हा विषय वर्गात खरंच कसा शिकवला जातो, असले प्रश्न इकडे बसतात. इथं एक मोठी सोय म्हणजे शिक्षणशास्त्रात प्रबंध मराठीत लिहिता येतो, कृषी विद्यापीठात मात्र इंग्रजीच.

तिसरं दार पर्यावरणशास्त्राचं. तिथं पाणी, माती, जंगल यांची मोजणी जास्त आणि माणसांची कमी, तरी गाईड मोकळ्या मनाचा असेल तर लोकसहभागाचा विषय घेता येतो. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र करून कृषी विस्ताराला जायचा विचार असेल तर आधी जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाचा, फॉर्म भरून मग फोन करून काही होत नाही.

आणि नंदुरबार-नवापूरवाल्यांनो, तुमच्यासाठी एक जवळचा रस्ता आहे ज्याचा कोणी विचार करत नाही. सुरतेच्या गाडीत बसलं की नवसारी कृषी विद्यापीठ राहुरीपेक्षा जवळ पडतं. आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या) कोट्यातून बाहेरच्या राज्यात जाता येतं, त्यासाठी एनटीए ही केंद्राची परीक्षा संस्था घेते ती आयसीएआरची जेआरएफ-एसआरएफ (ज्युनिअर-सीनिअर रिसर्च फेलोशिप) पीएचडी परीक्षा द्यावी लागते. दिल्लीची कृषी संशोधन संस्था आयएआरआय, कर्नालची दुग्धसंशोधन संस्था एनडीआरआय, तिथंही विस्ताराचे विभाग आहेत आणि ते याच परीक्षेतून. निगेटिव्ह मार्किंग असतं, अंदाजपंचे ठोकू नका.

प्रश्न कसा सापडतो

इथं मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळी गंमत इथंच आहे.

विस्तार शिक्षण म्हणजे काय तर नवीन गोष्ट माणसापर्यंत कशी पोचते आणि पोचली तरी तो ती करतो का नाही करत. या विषयाची सुरुवातच अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या संकरित मक्यापासून धरतात, रायन आणि ग्रॉस या दोघांनी १९४३ मध्ये दाखवलं की बियाणं चांगलं असूनही शेतकरी ते एकदम घेत नाहीत, काही जण आधी घेतात, बाकीचे शेजाऱ्याचं बघून घेतात. पुढं १९६२ ला एव्हरेट रॉजर्सने त्याचे पाच गट पाडले, सगळ्यात पुढचे अडीच टक्के, मग साडेतेरा, मग ३४, ३४ आणि शेवटी १६. हे आकडे तुम्ही एम.एस्सी.ला पाठ केलेच असतील. पण आता आपल्या गावात बघा. ठिबक पहिलं कोणी टाकलं, त्याच्यानंतर कोणी, आणि अजूनही मोकाट पाणी सोडणारा कोण आहे आणि का, हे तुम्हाला नावानिशी माहीत असतं. मग प्रश्न दुसऱ्याच्या थिसिसमधून कशाला उचलता.

पर्यावरण शिक्षणात पण तीच गाठ आहे. १९७७ ला जॉर्जियातल्या तिबिलिसीला जी जागतिक परिषद झाली तिने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टं सांगितली, जाणीव, ज्ञान, वृत्ती, कौशल्य आणि सहभाग. आपल्याकडे पर्यावरणाच्या केसेस लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने १९९१ ला पर्यावरण हा विषय सगळ्यांना शिकवायला सांगितला. आज प्रत्येक पोराला पेपरात "प्लॅस्टिकचे दुष्परिणाम" लिहिता येतात, आणि पेपर सुटल्यावर गेटबाहेर काय पडलेलं असतं ते तुम्ही बघितलंय. ज्ञान आहे, कृती नाही. शेतकऱ्याचं नि विद्यार्थ्याचं दुखणं एकच, आणि तुमचा प्रश्न ह्या माहिती आणि कृतीच्या मधल्या जागेतच कुठंतरी असणार.

खान्देशात तर असे प्रश्न रस्त्यावर पडलेत. रावेर-यावलला केळीवर हरण्या रोग आला की झाडं उपटून लांब टाका असं सांगितलं जातं, किती जण उपटतात, कोण उपटत नाही आणि का? बोंडअळीसाठी डिसेंबरनंतर कपाशी शेतात ठेवू नका असं दरवर्षी सांगतात, तरी फरदड ठेवली जातेच, त्यामागे अडाणीपणा आहे का हिशोब आहे? (मला विचाराल तर हिशोब आहे, पण ते तुम्ही शोधा.) पोकरा प्रकल्पात (बदलत्या हवामानात शेती टिकावी म्हणून राज्याने काढलेला) शेतीशाळा झाल्या, शेतीशाळेला बसलेला आणि न बसलेला यांच्या शेतात तीन वर्षांनी फरक दिसतो का?

पर्यावरणाकडून यायचं असेल तर साक्री तालुक्यातलं बारीपाडा आहे. गावाने चारशे हेक्टरच्या वर जंगल स्वतः राखलं, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, तिथं वनभाज्यांची स्पर्धा भरते. भाज्यांची ओळख आईकडून मुलीकडे जातेय का तुटतेय, हा एवढा एकच प्रश्न पीएचडीला पुरून उरेल. नाहीतर पांझरा नदीकाठची फड पद्धत, म्हणजे गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत, घ्या. बंधाऱ्याचं पाणी, फडाफडाने पिकं, पाणी सोडणारा पाटकरी नि राखण करणारा जागल्या, पाण्याचा कायदा शाळेत न जाता पिढ्यानपिढ्या शिकवला गेला, तो कोणी कोणाला कसा शिकवला आणि आज ती शिकवण कुठं थांबली. असला विषय घेऊन मुलाखतीला बसलात तर पॅनेल खुर्चीत पुढं सरकतं. "शेतकऱ्यांचे ज्ञान व अवलंब यांचा अभ्यास" एवढंच घेऊन गेलात तर तुमच्या आधी आलेल्या पाच जणांचंही तेच असतं.

प्रश्न ठरवायच्या आधी दोन ठिकाणी शोध घ्या. कृषीकोश, जिथं आयसीएआरने कृषी विद्यापीठांचे प्रबंध ठेवलेत, आणि शोधगंगा, जिथं बाकी सगळ्या विद्यापीठांचे. दोन्ही फुकट. तुमचा विषय कोणी कुठल्या तालुक्यात आधी केलाय, त्याने शेवटी "पुढील संशोधनासाठी सूचना" म्हणून काय लिहिलंय ते वाचा. ते शेवटचं पान कोणीच वाचत नाही आणि तिथं तयार विषय पडलेले असतात. आणि जवळच्या केव्हीकेत (कृषी विज्ञान केंद्रात) जाऊन बसा, ममुराबाद, पाल, धुळे, नंदुरबार, जे जवळ असेल ते. तिथले विषय विशेषज्ञ अर्ध्या तासात सांगतील की त्यांचं कोणतं प्रात्यक्षिक गावात चाललं आणि कोणतं गेट-टुगेदर होऊन संपलं.

गाईड

गाईड शोधताना लोक नाव बघतात, मी तीन गोष्टी बघायला सांगतो. एक, रिटायरमेंट कधी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमात तीन वर्षांपेक्षा कमी नोकरी राहिलेल्याला नवीन विद्यार्थी घेता येत नाही, तरी विचारून घ्या, कारण प्रबंध लांबतो. दोन, जागा आहे का. त्याच नियमात प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंटकडे ४ विद्यार्थी एवढीच मर्यादा आहे, कृषी विद्यापीठात आयसीएआरचे आणि विद्यापीठाचे स्वतःचे नियम लागतात, ते वेगळे विचारा. तीन, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली. हे तिसरं गाईडला नाही विचारायचं, हॉस्टेलच्या मेसमध्ये विचारायचं. जेवताना लोक खरं बोलतात.

मेल करताना "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग" असलं पान भरून पाठवू नका. चार-पाच ओळी. मी कोण, एम.एस्सी.चा विषय काय होता, मला हा प्रश्न पडलाय, अमुक तालुक्यात करायचा विचार आहे, भेटायला कधी येऊ. बस. उत्तर नाही आलं तर आठवड्याने एक फोन, आणि मग सरळ भेट. कृषी विद्यापीठात गाईड बऱ्याचदा प्रवेशानंतर विभाग ठरवतो, तरी ओळख आधी झालेली बरी असते.

परीक्षा, कागद आणि पैसा

पारंपरिक विद्यापीठात आधी पेट, म्हणजे विद्यापीठाची स्वतःची पीएचडी प्रवेश परीक्षा, असायची. यूजीसीने २०२४ पासून पीएचडी प्रवेशाला नेटचा (राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) स्कोर धरायचं धोरण आणलंय. जेआरएफ मिळाली तर उत्तमच, पण नेटच्या खालच्या कॅटेगरीतही "फक्त पीएचडी प्रवेशासाठी पात्र" असा निकाल येतो, त्यात ७० टक्के वजन नेटच्या गुणांना आणि ३० मुलाखतीला, आणि तो स्कोर एकच वर्ष चालतो. त्यामुळे स्कोर हातात आल्यावर "पुढच्या वर्षी बघू" म्हणायची सोय नाही. ज्या विद्यापीठात जायचं त्याची त्या वर्षीची जाहिरात हाच शेवटचा शब्द.

कृषीवाल्यांनी एएसआरबीची (कृषी शास्त्रज्ञ भरती मंडळाची) नेट वेगळी आहे हे लक्षात ठेवा. ती सहाय्यक प्राध्यापकाच्या पात्रतेसाठी, तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. पण पीएचडी चालू असताना ती काढून टाकली तर पुढं डोक्याला ताप राहत नाही.

कागदांचं थोडक्यात सांगतो. जात वैधता हातात असल्याशिवाय आरक्षणाच्या भरवशावर राहू नका, नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पोरांचे प्रवेश इथंच लटकतात. नॉन क्रिमीलेअरवर ३१ मार्चची तारीख कोणत्या सालची आहे ते बघा. दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, ते काढायला वेळ जातो. नोकरी करत असाल तर पार्टटाईम पीएचडी करता येते पण संस्थेची एनओसी आधी, आणि ती तोंडी नाही चालत. पत्रव्यवहाराने, घरबसल्या पीएचडी देतो म्हणणारा कोणी भेटला तर चहा पाजा आणि घरी पाठवा.

पैसा. यूजीसीची जेआरएफ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे आणि नंतर एसआरएफ झाली की ४२,०००, घरभाडं वेगळं. ती नसेल तर राज्याच्या संस्था आहेत, अनुसूचित जातीसाठी बार्टी, मराठा-कुणबींसाठी सारथी, ओबीसी-व्हीजेएनटी-एसबीसीसाठी महाज्योती, आदिवासींसाठी पुण्याची टीआरटीआय (आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था) आणि केंद्राची राष्ट्रीय फेलोशिप. यांच्या जाहिराती दरवर्षी ठरल्या महिन्यात येत नाहीत, निवड झाल्यावरही पैसे खात्यात यायला वेळ लागतो आणि मग थकबाकी एकदम येते. म्हणून पहिल्या वर्षाचा खर्च, मेस, रूम, ये-जा, झेरॉक्स, याची व्यवस्था घरून किंवा साठवलेल्या पैशातून होईल असं धरूनच निघा. कपाशीचा भाव चांगला मिळाला की प्रवेश घेऊ असं म्हणणारेही मी बघितलेत, त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. दोन फेलोशिप एकत्र घेता येत नाहीत, तसं प्रतिज्ञापत्रच लिहून घेतात.

आत गेल्यावर

कृषी विद्यापीठात आयसीएआरच्या २०२१ च्या सुधारित अभ्यासक्रमाप्रमाणे पीएचडी १०० क्रेडिटची आहे, त्यातले ७५ संशोधनाचे आणि उरलेले मेजर, मायनर, सपोर्टिंग कोर्स आणि सेमिनारचे. कमीत कमी तीन वर्षं. पारंपरिक विद्यापीठात कोर्सवर्क कमीत कमी १२ क्रेडिट, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं, मग वाढीव दोन. महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा. लग्न झालेल्या पोरींना घरचे "आता कसं जमेल" म्हणतात ना, त्यांना हा नियम दाखवा.

कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्राचा पेपर सिरियसली घ्या. विस्तारवाले आकड्यांना घाबरतात आणि मग डेटा गोळा झाल्यावर तो पैसे देऊन दुसऱ्याकडून "ॲनालिसिस" करून घेतात, आणि व्हायव्हात (शेवटच्या तोंडी परीक्षेत) कोणी विचारलं की हा रिग्रेशन कोएफिशंट मायनस का आला, की गप्प. आर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जमोवी पण फुकट आणि सोपं आहे. शिका.

मग लेखी-तोंडी पात्रता परीक्षा, सल्लागार समिती आणि संशोधनाचा आराखडा. आराखडा मंजूर झाला की खरं काम सुरू.

प्रश्नावली, म्हणजे सगळ्यात अवघड काम

विस्तारात आपण शेतकऱ्याला कागद देऊन भरायला लावत नाही, समोर बसून विचारतो आणि आपण लिहितो, म्हणून तिला मुलाखत अनुसूची म्हणतात. ही अनुसूची चांगली झाली तर प्रबंध चांगला, नाहीतर शंभर तक्ते काढा, आतलं सगळं पोकळ.

"आपण एकात्मिक कीड व्यवस्थापनाबाबत जागरूक आहात काय?" असं विचारलं की समोरचे आप्पा म्हणतात, "हो हो, आहे ना." पुढचा, किडीला वासाने ओढणाऱ्या सापळ्यांबद्दल, "आपण कामगंध सापळे वापरता काय?" "हो." शंभरपैकी नव्वद जण हो म्हणतील, कारण पोरगं दुरून आलंय, त्याला नाही कसं म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर अडाणी ठरू. तेच असं विचारा, "आप्पा, गेल्या साली सापळे कधी लावले होते? किती लावले? आतली गोळी कधी बदलली? आता कुठं ठेवलेत?" आता आप्पा थांबतात, आठवतात, पोराला हाक मारतात. नजर ठेवायला हेक्टरी पाच सापळे ही शिफारस, त्यांनी दोन एकराला एक लावला आणि गोळी बदललीच नाही, हे तेव्हा बाहेर येतं. वापर आहे आणि वापर नाही यांच्यामध्ये जे असतं तेच तुमचं संशोधन.

दुसरं, मापं. अनुसूचीत तुम्ही "केळीखालील क्षेत्र (हेक्टर)" असा रकाना काढता. यावलचा शेतकरी हेक्टरमध्ये बोलत नाही, एकरातही बोलत नाही, तो म्हणतो "चार हजार खोड आहे." आता दीड बाय दीड मीटरवर लावलं असेल तर हेक्टरी ४,४४४ झाडं बसतात, पण अंतर वेगळं असेल तर हिशोब वेगळा. म्हणजे आधी खोड विचारा, मग अंतर विचारा, आणि हेक्टर तुम्ही रूमवर येऊन काढा. त्याला काढायला लावाल तर तो सातबारावरचा आकडा सांगेल आणि त्यात विहीर-बांध-पडीक सगळं आलं.

पाच पर्यायांची "पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत" पट्टी म्हाताऱ्या माणसांसमोर चालत नाही, तीन पर्याय ठेवा आणि वाक्यं अर्धी सरळ, अर्धी उलटी ठेवा, म्हणजे जो सगळ्यालाच "बरोबर" म्हणतोय तो पकडला जातो. मुख्य गावं सोडून दुसऱ्या गावात वीस-तीस जणांवर आधी चाचणी घ्या. आणि शक्य असेल तिथं अहिराणीत विचारा. प्रमाण मराठीत विचारलं की आवाज सरकारी होतो, लोक पहिलं विचारतात, "सरकारी शेतस का भाऊ तुम्ही?" आणि मग अनुदान मिळेल या आशेने किंवा कर्जाच्या भीतीने उत्तरं बदलतात. मी विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, यातून काही मिळणार नाही, तुमचं नाव छापणार नाही, नको वाटलं तर उठा, हे आधीच सांगून टाकायचं. धडगाव-अक्कलकुव्याला पावरी, भिलोरी बोलणारा गावातला पोरगा सोबत घ्या आणि त्याला रोजाचे पैसे द्या, फुकट राबवू नका.

केव्हा जायचं

हे कोणत्याच मेथडॉलॉजीच्या पुस्तकात नसतं. कपाशी वेचणी चालू असताना दिवसा गावात कोणी सापडत नाही, संध्याकाळी सातनंतर पारावर जा. बायकांशी बोलायचं असेल तर संध्याकाळ नाही, तेव्हा चुली पेटलेल्या असतात, दुपारी वावरात बांधावर बसून बोलतात, तिथं सासरा नि नवरा मध्ये बोलत नाही हा फायदा. बाजाराच्या दिवशी जाऊ नका. मे महिन्यात लग्नं. आणि सातपुड्यातली गावं दिवाळीनंतर ऊसतोडीला नि गुजरातेत कामाला निघून जातात, होळीला परत येतात. डिसेंबरात धडगावला गेलेला विद्यार्थी म्हातारी माणसं नि शाळकरी पोरं एवढीच बघून येतो, आणि मग नमुन्यात सरासरी वय ६० का आलं म्हणून गाईड विचारतो.

नमुना किती घ्यायचा? समजा तीन तालुके, प्रत्येकी चार गावं, गावात दहा शेतकरी, झाले १२०. पीएचडीला बऱ्याचदा यापेक्षा जास्त मागतात. पण यादी कृषी सहायकाकडूनच घेतली तर तो नेहमीचेच प्रगतशील शेतकरी देतो, ज्यांच्या फोटोचे फ्लेक्स लागलेले असतात. पूर्ण यादी मिळवा आणि चिठ्ठ्या टाका, खरंच टाका.

रोज रात्री झोपायच्या आधी त्या दिवशीचे फॉर्म तपासायचे. राहिलेला रकाना दुसऱ्या दिवशी फोनवर भरता येतो, सहा महिन्यांनी नाही. एक साधी वही ठेवा, फॉर्ममध्ये न बसणारं जे कोणी बोललं ते त्यात लिहा. चर्चेचं प्रकरण लिहिताना ही वहीच वाचवते.

लिहिणं आणि शेवट

लिहायला डेटा संपायची वाट बघू नका, साहित्याचा आढावा पहिल्या वर्षापासून लिहीत राहा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं, त्याच्या वर गेलं की परत लिहा, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. जुन्या थिसिसमधून परिच्छेद उचलायची आपल्याकडे सवय आहे, आता सॉफ्टवेअर पकडतं. शोधनिबंधाचं म्हणाल तर यूजीसीने सक्ती काढली, पण कृषी विद्यापीठं मागतात, नास (राष्ट्रीय कृषी विज्ञान अकादमी) रेटिंग असलेली नियतकालिकं बघा. चार दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

परदेशाचं पण विचारतात म्हणून दोन ओळी. अमेरिकेत शेतीशिक्षण हा शाळेपासूनचा वेगळा विषय आहे, १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तारसेवा आणि १९१७ च्या स्मिथ-ह्यूजेस कायद्याने शाळेत शेती शिकवायची व्यवस्था उभी राहिली, त्यामुळे तिथं या विषयात मोठे विभाग आहेत आणि असिस्टंटशिप मिळाली तर फी माफ होऊन वर पगार मिळतो. आयसीएआरची नेताजी सुभाष फेलोशिप परदेशी पीएचडीसाठी मिळू शकते. तिथंही पहिला प्रश्न "तुझा प्रश्न काय" हाच असतो.

नोकरीचं खरं सांगतो. सहाय्यक प्राध्यापकासाठी यूजीसीने २०२३ ला नेट-सेट हीच किमान पात्रता ठेवली, पीएचडी ऐच्छिक केली. केव्हीकेच्या विषय विशेषज्ञाला एम.एस्सी. पुरते. कायम जागांची भरती सावकाश निघते, खाजगी कृषी महाविद्यालयात पगार कमी. त्यामुळे फक्त नोकरीसाठी करत असाल तर आधी नेट काढा, मग ठरवा. पुढं असोसिएट व्हायचं, संशोधन प्रकल्प स्वतःच्या नावावर घ्यायचे, तर पीएचडी लागतेच.

व्हायव्हा झाला की पीएचडी मिळाल्याचं नोटिफिकेशन निघतं. त्याच दिवशी त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती करून ठेवा, प्रबंध शोधगंगावर किंवा कृषीकोशवर चढला का ते स्वतः उघडून बघा, आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेटचा अर्ज राहुरी किंवा जळगाव सोडायच्या आधीच देऊन या. नंतर त्या एका कागदासाठी परत मनमाडला गाडी बदलत जायचा कंटाळा येतो, आणि मुलाखतीची तारीख नेमकी तेव्हाच लागते.